थरांमध्ये खांब: सच्छिद्र पदार्थांचा इतिहास आणि हैदराबाद

थरांमध्ये खांब रोवून सच्छिद्र पदार्थ घडवण्याची सुरुवात मातीपासून झाली. 1955 मध्ये बॅरर आणि मॅक्लाउड यांनी माँटमोरिलोनाइट या स्तरित मातीच्या थरांत सेंद्रिय आयन बसवले. पण ते उष्णतेत टिकत नसत. 1970 च्या दशकातील तेलटंचाईत जड तेलाचे रेणू मावतील अशी छिद्रे हवी झाली. तेव्हा ॲल्युमिनियमचे धनभारित बहुअणू आयन थरांत सारून माती भाजली जाऊ लागली. भाजल्यावर उरलेले ऑक्साइडचे खांब थर तोलून धरतात. टायटेनेटसारखी स्तरित ऑक्साइडे पाण्यात सहज फुगत नाहीत. म्हणून त्यांत आधी अमाइन शिरवतात, मग सिलिकाचे खांब उभारतात.

हैदराबादेत 1944 मध्ये, निजामाच्या राजवटीत स्थापन झालेली प्रयोगशाळा 1956 मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे (सीएसआयआर) आली आणि 1989 मध्ये भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था झाली. तारनाका येथील या संस्थेत बी. एम. चौदरी यांच्या गटाने 2002 मध्ये थरांत आयन बसवण्याच्या याच जातकुळीचे मोलाचे काम प्रसिद्ध केले. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या स्तरित दुहेरी हायड्रॉक्साइडचे थर धनभारित असतात. या थरांमधल्या क्लोराइड आयनांच्या जागी पॅलेडियमचे ऋण आयन आणून त्यांचे क्षपण केले, की पॅलेडियमचे नॅनोकण तयार होतात. या उत्प्रेरकाने एरवी आळशी असलेली क्लोरोअरीन संयुगेही इतर रेणूंशी जोडली गेली आणि तो गाळून पुन्हा वापरता आला.