लहान मुलुख आणि त्याचीं वर्तमानपत्रें

हिंदुस्थानांत मुद्रणयंत्र प्रथम आलें तें गोव्यांत, इ. स. १५५६ सालीं. परंतु जेथें छपाईचा श्रीगणेशा झाला, त्याच भूमीला आपलें पहिलें वृत्तपत्र पाहावयास १८२१ साल उजाडावें लागलें. ‘गाझेता द गोवा’ हें तें पत्र. तें सरकारीच होतें, आणि पांच वर्षांनीं सरकारनेंच तें बंद केलें. गोव्याचें क्षेत्रफळ सुमारें ३,७०० चौरस किलोमीटर. १९६० सालीं तेथील लोकसंख्या सहा लाखांच्या आंतच होती. अशा मुलखांत वाचक थोडे आणि जाहिराती त्याहून थोड्या. पत्र चालवावयाचें तर कोणाची तरी मर्जी किंवा कोणाची तरी थैली पाठीशीं असावी लागते.

१९०० सालीं ‘ओ हेराल्डो’ हें गोव्यांतील पहिलें दैनिक पोर्तुगीज भाषेंत निघालें. आठच वर्षांनीं ‘हेराल्डो’ नांवाचें दुसरें दैनिक त्याच्याशीं स्पर्धा करूं लागलें. नांवांत भेद काय तो एका अक्षराचा! १९१० सालीं पोर्तुगालांत राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आलें, हिंदूंना समान हक्क मिळाले, आणि मराठी पत्रांनाही कंठ फुटला. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचें ‘भारत’ त्याच काळांतलें. १९२८ सालीं लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनीं ‘प्रकाश’ साप्ताहिक काढलें. भाषा पोर्तुगीज, नांव मात्र आपलें. पण तोंवर लिस्बनमध्यें लष्करी राजवट येऊन चुकली होती. पुढें सालाझारशाहींत प्रत्येक मजकूर छपाईपूर्वीं तपासनीसाच्या नजरेखालून जाऊं लागला. १९३७ सालीं ‘प्रकाश’ बंद पडलें. पत्रें निघत होतीं, परंतु तीं कितीही असलीं तरी मत एकच!

देशांत वाट नसली कीं शब्द सीमेपलीकडून येतो. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो या दोघांनीं आंबोलीच्या रानांतून, व पुढें कॅसलरॉकहून, गोव्याच्या मुक्तीसाठीं गुप्त नभोवाणी चालविली. कोंकणी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांतून ती १९६१ च्या डिसेंबरपर्यंत बोलत राहिली. नभोवाणीवरूनच हें सांगतांना मला त्याचें विशेष कौतुक वाटतें.

मुक्तीनंतर तपासनीस गेला. थैलीचा प्रश्न मात्र उरला. १९६२ सालीं पणजीस ‘गोमंतक’ हें मराठी दैनिक निघालें, त्याचे चालक चौगुले. १९६३ सालीं इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ निघाला, तो डेंपो यांचा. दोन्हीं घराणीं खाणींच्या व्यवसायांतलीं. आणि त्याच वर्षीं निवडून आलेले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हेही खाणमालकच. एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं परतंत्र गोव्यांत आणि स्वतंत्र गोव्यांत फरक तो काय? मला हें मान्य नाहीं. कारण १९६३ सालींच मडगांवीं ‘राष्ट्रमत’ निघालें, आणि पुढें गोव्यापुढें सर्वांत मोठा प्रश्न उभा राहिला, त्या वेळीं हीं दोन मराठी दैनिकें समोरासमोर उभीं ठाकलीं.

तो प्रश्न होता महाराष्ट्रांत विलीन होण्याचा. ‘गोमंतक’ विलीनीकरणाच्या बाजूचा, ‘राष्ट्रमत’ विरुद्ध. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे यांचें ‘ब्रह्मास्त्र’ हें सदर विलीनीकरणवाद्यांवर रोज सुटत असे. आम्ही बावधन-पुण्याकडचे वाचक मनाशीं धरून चालतों कीं जो मराठी वाचतो तो मराठी राज्यांत येऊं इच्छिणारच. येथें तर महाराष्ट्रांत न जाण्याचा युक्तिवाद शुद्ध मराठींत, मराठी वाचकालाच ऐकविला जात होता! ‘राष्ट्रमता’च्या चालकांना हें कळलें होतें कीं कोंकणी बोलणारा पुष्कळ हिंदु समाज वर्तमानपत्र वाचतो तें मराठीच. त्याला पटवावयाचें तर त्याच्या वाचनाच्या भाषेंतच बोललें पाहिजे.

१६ जानेवारी १९६७ रोजीं कौल झाला. फूल ही विलीनीकरणाची खूण, दोन पानें ही वेगळेपणाची. फुलाला १,३८,१७० मतें पडलीं, दोन पानांना १,७२,१९१. अंतर ३४,०२१ चें. म्हणजे अवघ्या सतरा हजारांवर कांहीं मतदारांनीं आपलें मन बदललें असतें, तर आज गोवा महाराष्ट्राचा एक जिल्हा असता.