शिरगणतीतले नातेगोते

'आमचे पणजोबा आणि तुमचे पणजोबा सख्खे भाऊ' असे लग्नाच्या पंगतीत कोणी सांगितले की आपण मान डोलावतो, आणि जिलबीकडे वळतो. पण जमिनीचा दावा उभा राहिला किंवा जातीचा दाखला हवा झाला, म्हणजे ते पणजोबा सख्खे होते की चुलत, याचा पुरावा लागतो. सांगणारी म्हातारी माणसे तोवर गेलेली असतात. मग आठवण येते ती सरकारी दप्तराची.

तुळजापूर-सोलापूर रस्त्यावरचे तामलवाडी हे गाव घ्या. हा मुलूख निजामाचा. 1853 मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि 1860 मध्ये परत निजामाकडे आला. शेजारचे सोलापूर मात्र मुंबई इलाख्यात. त्यामुळे सोलापूरकडची माणसे 21 फेब्रुवारी 1872 रोजीच मोजली गेली, तर निजामी राज्यातली पहिली शिरगणती 1881 ची. तामलवाडीच्या सुनेचे माहेर सरहद्दीपलीकडचे असेल, तर एकाच बाईच्या आयुष्याचा माग दोन सरकारांच्या दप्तरांत काढावा लागतो.

आता या दोन तारखांच्या मध्ये काय घडले ते पाहा. 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ! दख्खनची गावेच्या गावे जगायला बाहेर पडली. पोरकी मुले चुलत्याच्या, मामाच्या, आत्याच्या घरी वाढली. 1918 च्या इन्फ्लुएंझानेही तेच केले. अशा घरात 'मुलगा' म्हणून वाढलेला पुष्कळदा पुतण्या असतो, भाचा असतो. नात्याचा गोंधळ कागदाने केला नाही. तो माणुसकीने केला आहे. ज्याने भाकरी दिली त्याला पोराने बाप म्हटले, इतकेच.

समजा, एका घराच्या यादीत चार माणसे आहेत : तुकाराम वय 50, सखू वय 35, विठोबा वय 30 आणि गोदू वय 8. नाते लिहिलेले नाही. विठोबा तुकारामाचा मुलगा की धाकटा भाऊ? दोन्ही शक्य आहे. सखू मात्र विठोबाची आई नव्हे, हे वयावरून उघड आहे. ती तुकारामाची दुसरी बायको असेल, बहीण असेल, नाहीतर विधवा भावजय. येथे आपली मराठी रीत मदतीला येते. नावापुढे बापाचे नाव लावले असेल, तर 'विठोबा तुकाराम' मुलगा ठरतो. दोघांच्या नावापुढे एकच बाप असेल तर ते भाऊ. पण आजोबाचे नाव नातवाला ठेवायची चालही आपलीच, म्हणून 'तुकाराम' नावाचे दोन चुलतभाऊ एकाच गावात सापडतात. आणि दत्तक गेलेल्या मुलाचा तर कागदावरचा बापच बदलतो.

वयावर फार विसंबू नये. आपल्याकडे वय विचारले की माणूस तीस, चाळीस, पन्नास असे गोल सांगतो. त्यात निजामी कागद उर्दूतले. घाईत नुक्ते दिले नाहीत, तर बाबू, बापू आणि नानू हे तिघे एकाच वळणाचे दिसतात! सालही फसली, त्यात साधारण 590 मिळवावे तेव्हा इसवी सन निघतो.

विलायतेतही सुरुवात अशीच झाली. 1841 च्या तिथल्या शिरगणतीत घरातली नावे आहेत, पण नाते नाही, आणि पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणलेली. नाते विचारले गेले 1851 पासून. तिथे मूळ पत्रके जपली. आपल्याकडे तक्ते तयार झाले की ती नष्ट करण्याचा प्रघात पडला. म्हणून जुन्या शिरगणतीच्या ग्रंथांत तुमच्या गावाची जातवार डोकी सापडतील. तुमचा पणजोबा सापडणार नाही. 1951 मध्ये आपण नावाबरोबर कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही विचारले आणि त्या आधारे नागरिकांची नोंदवही केली. आसामात हीच वही पुढे लाखो माणसांच्या वंशावळीचा आधार झाली. एकाच पूर्वजाचे नाव सांगणाऱ्यांचे वंशवृक्ष एकमेकांशी ताडून पाहिले गेले, आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी अंतिम यादी लागली.

मराठवाड्यात हा प्रश्न 2023 पासून घरोघर आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासननिर्णय निघाला. त्या निर्णयाचे राजकारण आपल्या विषयाबाहेरचे. परंतु संशोधकाला त्यातून एक गोष्ट कळते. गॅझेटियर आकडा देते, नाव देत नाही. आकड्यापासून माणसापर्यंतचा पूल खासरा पत्रकाने, पाहणी पत्रकाने, शाळेच्या दाखल नोंदवहीने, गावच्या जन्ममृत्यूच्या वहीने बांधावा लागतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतही पिढ्यांची नावे मिळतात.

नियम साधा आहे : एका कागदावर नाते ठरवू नये. दोन वेगळ्या हातांनी, वेगळ्या हेतूने लिहिलेले कागद एकच गोष्ट सांगू लागले, म्हणजे ती मानावी. तोवर 'असावा' म्हणावे, 'होता' म्हणू नये.

यंदा दिवाळीला सारे घर जमेल. भाऊबीजेचे ओवाळणे झाले की वही उघडा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारा. पुरुषांची नावे कागदावर राहतात. कोण कोणाच्या घरी वाढला, कोणाला कोणाचे दूध पाजले, हे तिलाच ठाऊक असते. तिचे शब्द, तिचे नाव आणि आजची तारीख लिहून ठेवा. पुढच्या पिढीला पुरावा म्हणून तोच कागद लागेल.