जाहिरातीची भाषा आणि खानदेशचा बाजार



जाहिरात म्हटली कीं सुशिक्षित मनुष्य किंचित् नाक मुरडतो. मीहि मुरडीत असें. उभा जन्म शाळेंत निबंध शिकविण्यांत गेल्यामुळें, चांगलें लेखन म्हणजे उपमा, अलंकार आणि सुभाषितें अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती धुळ्याच्या एका दुकानांत मोडली. ती हकीकत प्रथम सांगतों. कारण जाहिरातीच्या इतिहासाचें मर्म मला तेथेंच उमगलें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आग्रा रोडच्या बाजूस पत्र्याच्या धान्यकोठ्यांचें दुकान घातलें. "गुरुजी, आमच्या कोठ्यांचें एक हस्तपत्रक लिहून द्या," अशी त्यानें गळ घातली. मीं मोठ्या हौसेनें पानभर मजकूर लिहिला. कोठीला कुबेराच्या भांडाराची उपमा दिली, आणि 'या कोठींत कीड कालत्रयींहि शिरणार नाहीं' असें छातीठोकपणें लिहून दिलें. बाजाराच्या दिवशीं एक म्हातारा शेतकरी तें पत्रक हातांत घेऊन आला आणि मलाच विचारूं लागला, "मास्तर, ह्या कोठीमा दादर कितली मावस, ते यामा कोठे लिखेल शे?" दादर म्हणजे आमची खानदेशची रब्बी ज्वारी. ती किती मावते हें माझ्या पानभर मजकुरांत कोठेंच नव्हतें!

याहून वाईट गोष्ट पुढें घडली. एका गृहस्थानें माझ्या वचनावर विसंबून ओलसर धान्य कोठींत भरलें. पावसाळ्यानंतर झांकण उघडतात तों आंत सोंडकिड्यांचें राज्य! वर्षाचें धान्य गेलें. कोठी निर्दोष होती. दोष माझ्या वाक्याचा होता. विद्यार्थ्यानें मुकाट्यानें त्या गृहस्थाचें नुकसान भरून दिलें आणि मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. त्या दिवसापासून, माल विकणारे शब्द आपल्याकडे कसकसे घडत गेले, याचा मीं शोध घेऊं लागलों.

विसाव्या शतकाच्या आरंभीं बेळगांवास लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडानें जमिनींत विष पसरतें, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. अशा भीतीपुढें विशेषणें काय करणार? नांगराचा तास पाहिल्यावांचून शेतकऱ्याचें मन फिरणें शक्य नव्हतें. लक्ष्मणरावांना या गोष्टीची जाण पूर्वीच्या धंद्यांत आलेली असावी. त्यांच्या बेळगांवच्या दुकानांत सायकली विकीत, आणि गिऱ्हाइकाला त्यांवर बसावयासहि शिकवीत. जी वस्तु लोकांना अपरिचित आहे, ती विकणें म्हणजे प्रथम ती शिकविणें होय.

पुढें १९१० मध्यें औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्यें शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या मालाची व कामाची माहिती लोकांपर्यंत पोंचविणें हा तिचा मूळ हेतु. या खबरेचेंच पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें आणि तें मराठी घरोघर वाचलें जाऊं लागलें. कारखान्याच्या माहितीपत्रांतून वाङ्मयीन मासिक जन्मावें, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या लेखनांत वाचकाच्या उपयोगाचें कांहीं असतें, त्याला वाचक शोधावा लागत नाहीं.

आतां आपल्या खानदेशांत येऊं. जळगांव जिल्ह्यांतील अमळनेर म्हटलें कीं प्रताप शेठजी, तत्त्वज्ञानमंदिर आणि साने गुरुजींची शाळा यांची आठवण होते. त्याच गांवीं महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनीं 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली; तिची स्थापना २९ डिसेंबर १९४५ ची. 'सनफ्लॉवर' नांवाचें वनस्पति तूप आणि '७८७' नांवाचा धुण्याचा साबण, हा तिचा आरंभींचा माल. प्रेमजी १९६६ मध्यें वारले आणि एकवीस वर्षांच्या अझीमजींवर कारभार येऊन पडला. १९७७ मध्यें कंपनीचें नांव 'विप्रो' झालें, आणि संगणकाच्या धंद्यानें तें जगभर गेलें. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनीं तिचे भाग जपून ठेवले, त्यांचें दैव उघडलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण जाहिरातीच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद कथा त्या वनस्पति तुपाची आहे.

हा पदार्थ आपल्या स्वयंपाकघराला नवा होता. दिसावयास तुपासारखा, पण तूप नव्हे. द्रवरूप तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करून तें घट्ट केलेलें. १९३७ मध्यें लिव्हर कंपनीनें 'डालडा' बाजारांत आणला. 'दादा' नांवाच्या डच मालाच्या नांवांत लिव्हरचा 'ल' घालून तें नांव सिद्ध झालें, असें म्हणतात. त्याच्या प्रसिद्धीसाठीं लिंटास कंपनीनें चित्रपट दाखविले, डब्याच्या आकाराची मोटार गांवोगांव फिरविली, आणि रस्त्यावर पदार्थ तळून लोकांच्या हातावर ठेवले. वाचतां न येणाऱ्या बाईलाहि ही जाहिरात कळली, कारण ती जिभेला कळणारी होती.

मात्र 'तुपासारखें' या शब्दांतील 'सारखें' पुढें सर्वांना नडलें. लबाड व्यापारी वनस्पति खऱ्या तुपांत मिसळूं लागले. १९४६ मध्यें महात्माजींनीं 'हरिजन' पत्रांत याविरुद्ध लिहिलें, आणि वनस्पतीवर बंदी घालावी अशी मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी झाली नाहीं. परंतु प्रत्येक वनस्पतींत निदान पांच टक्के तिळाचें तेल असलेंच पाहिजे, असा नियम झाला. कारण असें कीं, ठराविक रसायनें घालतांच तिळाचें तेल तांबूस गुलाबी रंग धरतें आणि तुपांतील भेसळ उघडी पडते. विचार करा: डब्यावरील शब्दांवर भरंवसा उरला नाहीं, म्हणून कायद्यानें खरें वाक्य मालाच्या पोटांत लिहून ठेविलें!

ही कथा एवढ्यावरच संपली नाहीं. 'शुद्ध' आणि 'पौष्टिक' म्हणून जो पदार्थ घरोघर गेला, त्याच्या घट्ट करण्याच्या क्रियेंतच हृदयाला अपायकारक अशीं 'ट्रान्स' मेदाम्लें निर्माण होतात, हें शास्त्रज्ञांस पुढें कळलें. जानेवारी २०२२ पासून भारतांत तेल-तुपांतील त्यांचें प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक नसावें, असा निर्बंध आहे. ज्यांनीं तीं विशेषणें लिहिलीं, ते सारेच लबाड होते असें मी म्हणणार नाहीं. मीहि कोठीविषयीं लबाडीनें लिहिलें नव्हतें. ज्याची आपण खात्री करून घेतली नाहीं, तें खात्रीनें लिहिलें, हाच दोघांचा अपराध.

याच कंपनीनें १९८५ मध्यें 'संतूर' साबण काढला. चंदन आणि हळद हे त्याचे घटक. त्यांच्या इंग्रजी नांवांचे अंश जोडून हें नांव सिद्ध झालें. आरंभींची जाहिरात या घटकांचीच माहिती देई. कांहीं वर्षांनीं ती पालटली आणि मुलीची आई लोकांना कॉलेजांतली तरुणी वाटते, असा प्रसंग दाखवूं लागली. खप मोठा झाला. व्यापारी म्हणतील, हीच खरी कला. मला मात्र येथें थांबावेंसें वाटतें. साबणांत हळद आहे कीं नाहीं, हें तपासतां येतें. लोक आपणांस तरुण समजतील कीं नाहीं, हें कोण तपासणार? गिऱ्हाइकाची इच्छा ओळखणें हें जाहिरातीचें बळ आहे, आणि त्या इच्छेवर स्वार होणें हा तिचा मोह आहे. म्हणूनच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें फसव्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे.

आतां माझ्या पत्रकाचें पुढें काय झालें तें सांगून रजा घेतों. मीं दुसरें पत्रक लिहिलें. तें अवघें पांच ओळींचें. मोठ्या कोठींत दादर किती पोतीं मावते, लहानींत किती, आणि किंमत काय. धान्य कडक उन्हांत वाळवून, निववून मग भरावें. ओलें भरल्यास कीड लागेल. झांकण सैल झाल्यास दुकानीं आणावें, फुकट बसवून देऊं.

विद्यार्थी तें वाचून घाबरला. "गुरुजी, 'कीड लागेल' असें आपणच छापायचें?"

"छाप," मीं म्हणालों.

त्यानें तें छापलें. पुढें एकदां त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. कोठी ओसरीवर उभी होती, आणि तिच्या झांकणावर तें पत्रक खळीनें चिकटविलेलें होतें. धान्य भरण्यापूर्वीं त्याची सून तें दरवर्षीं मोठ्यानें वाचीत असे.