टिळकांचा दरबार आणि अंबाजोगाईची ओवी

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मराठी ख्रिस्ती समाजाचे पाळक आणि कवी. अखेरच्या काळात त्यांनी ख्रिस्ताच्या शिष्यांचा एक बंधुसंघही काढला. त्यांची कर्मभूमी अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. बीड जिल्ह्यातला आष्टी-पाटोद्याचा पट्टा नगरला खेटून आहे, पण टिळकांच्या काळात या दोहोंमधून सरहद्द जात होती. नगर इंग्रजी अमलात होते, तर बीड निजामाच्या राज्यात, लोकांच्या तोंडी मोगलाईत. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी याच मोगलाईत, गोदावरीपलीकडे जालन्याजवळ, बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. शेषाद्री १८९१ साली वारले. तेव्हा टिळक तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि अजून धर्माच्या शोधातच होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे झाला. वडील तापट होते. आई गेल्यावर मुलाने घर सोडले आणि तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेल्यांकडे त्याचे संस्कृत शिक्षण झाले. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, यांच्याशी लग्न झाले तरी टिळकांचे पाऊल एका गावात ठरले नाही. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. जातिभेद मोडायचा आणि देश उभा करायचा, तर त्याला आधार कोणत्या धर्माचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. तो कोण होता, हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. पुस्तक मात्र त्यांनी वाचले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई आपल्या धर्मात राहिल्या. दोघांची ताटातूट झाली, मग पुन्हा एकत्र संसार सुरू झाला, आणि १९०० साली त्यांनीही स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात या वर्षांची हकिकत जशी उतरली आहे, तशी ती टिळकांच्या कोणत्याही चरित्रकाराला साधलेली नाही.

नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी धर्मशिक्षण दिले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे पत्र नगरलाच १८४२ मध्ये निघाले होते; १९१२ पासून अखेरपर्यंत त्याचा मराठी भाग टिळकांच्या हाती होता. घरात दुष्काळात पोरकी झालेली मुले वाढत होती, आणि कवी बालकवी ठोमरे यांनाही याच घराने आसरा दिला.

पाळक म्हणून टिळक जे वारंवार सांगत, त्याचा गाभा एकच होता. ख्रिस्त हा पूर्वेकडचा गुरू आहे, त्याला परदेशी पोशाख घालून आणू नका. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी पोचलो, असे ते सांगत. मंडळीचा कारभार देशी माणसांच्या हाती असावा आणि उपासना देशी चालींवर व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६०च्या दशकातच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी त्या वाटेला अभंगांची शिदोरी दिली. त्यांच्या ‘अभंगांजली’त ख्रिस्त माउली होऊन येतो. माउली हा शब्द वारकऱ्यांच्या घरातला, आणि तो तिथे उसना वाटत नाही. भाषांतरित स्तोत्रांना जे जमले नव्हते ते या अभंगांनी केले.

१९१७ साली, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, अशी योजना होती. पुढाऱ्याने पगार, पद आणि मिशनचा आसरा सोडून लोकांत उतरले पाहिजे, हे त्यांनी आधी स्वतःपुरते करून दाखवले. त्या काळच्या मंडळीच्या मानाने हे पाऊल फार पुढचे होते. दरबाराला मूळ धरायला वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला आणल्या गेल्या. १९२३ साली जे. सी. विन्स्लो यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. विन्स्लोंनी आदल्याच वर्षी ख्रिस्त सेवा संघ स्थापला होता.

टिळकांच्या ओळखीच्या मिशनऱ्यांपैकी जस्टिन अॅबट यांचा बीड जिल्ह्याशी वेगळाच संबंध आला. अमेरिकेला परतल्यावर त्यांनी मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले, आणि १९२०च्या दशकात त्या मालेत अंबाजोगाईच्या दासोपंतांचे चरित्र निघाले. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तातला विषय स्वतः लिहून काढला. ही पासोडी पाहताना ध्यानात येते की जाड, खरबरीत पांघरुणाच्या कापडावर तत्त्वज्ञान लिहिणारा हा माणूस भाषेला देव्हाऱ्यात ठेवत नव्हता, वापरत होता. परंपरेने शके १११० चा मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधीही याच गावी दाखवतात. ओवीत शास्त्र सांगण्याचा हा जुना रिवाज. दासोपंत १६१५ साली गेले, आणि पुढच्याच वर्षी गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीतच छापले गेले.

टिळकांनी आपले ख्रिस्तचरित्रही ओवीतच घेतले. ‘ख्रिस्तायन’चे दहा-अकरा अध्याय झाले होते, तोच ते गेले. ज्यांना त्यांनी लिहायला शिकवले त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्यावर मुलगा देवदत्त यांनी अखेरचा अध्याय लिहिला, आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ छापून आले. दरबार टिळकांबरोबर विरला; त्यांची भजने मात्र मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त आहेत आणि आजही गायली जातात.