शाळेतली पेटी आणि वस्तीतली ढोलकी

ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यातल्या शिक्षकांशी संगीतशिक्षणाविषयी बोलावे तर दोन गोष्टी हटकून ऐकू येतात. संगीताने संस्कार होतात, ही पहिली. वेळापत्रकात त्याला तास नाही, ही दुसरी. पण संगीत म्हणजे कोणाचे संगीत, हे कोणी विचारीत नाही. त्याचे मूळ इतिहासात आहे.

1886 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी बडोद्यात संगीतशाळा काढली. 1901 मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, 1908 मध्ये मुंबईत आणले. तोवर गाणे दरबारात, उस्तादाच्या घरी, नाहीतर कलावंतिणीच्या बैठकीत होते. पलुस्करांनी त्याला वर्ग आणि परीक्षा दिल्या, भातखंड्यांनी क्रमिक पुस्तके दिली. फी भरणाऱ्याला विद्या मिळू लागली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु गाण्याला प्रतिष्ठा मिळाली ती पांढरपेशांच्या सोवळ्यात शिरून. भजन आत आले. हलगी, ढोलकी, लावणी उंबऱ्याबाहेर राहिल्या. कल्याणात 1926 साली गायन समाज उभा राहिला, तो याच लाटेत. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा देत तयार झालेल्या शिक्षकाला संगीत म्हणजे एवढेच वाटले, तर दोष एकट्या त्याचा नाही.

आपली बाजूही सरळ नाही. हलगी वाजवणे ही हौस नव्हती. ती गावकीने जातीवर लादलेली चाकरी होती. ती टाकून देणे हा स्वाभिमान होता. म्हणूनच शिकलेल्या दलित बापाला मुलाच्या हाती पेटी चालते, हलगी नको वाटते. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र 1930 नंतरच्या आंबेडकरी जलशांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचा बाज घेतला आणि त्यात चळवळ ओतली. वाद्य तेच, चाकरी संपली. वामनदादा कर्डक (1922–2004) प्रौढपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि गावोगाव गात फिरले. प्रल्हाद शिंदे (1933–2004) तर कल्याणचेच रहिवासी. आषाढीला त्यांचा आवाज महाराष्ट्रभर घुमतो. पण ते ज्या परंपरेत घडले, ती अभ्यासक्रमाचा विषय झाली नाही.

माझ्या वर्गात गायन पार्टीत कोरस धरणारी मुले असतात. रात्रभर गातात, सकाळी मागच्या बाकावर पेंगतात. त्यांच्या शाळेने हे कधी शिक्षण म्हणून मोजले नाही.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे असे म्हटले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या, शंभरावर मुले असलेल्या शाळेला कलेसाठी अर्धवेळ निदेशक दिला. कला म्हणजे बहुतेक ठिकाणी चित्रकलाच उरते. 2017 मध्ये राज्य शासनाने शास्त्रीय कलांबरोबर लोककलांनाही दहावीत वाढीव गुण देऊ केले. निर्णय चांगलाच. पण गुण हवेत तर प्रमाणपत्र हवे. क्लासला जाणाऱ्याकडे ते आधीच असते. बापाच्या मांडीवर बसून ठेका शिकलेल्या पोराला ते कोण देणार?

शाळेच्या संगीतशिक्षकाने एप्रिलमध्ये एक रात्र कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीत जयंतीच्या गाण्यांना जाऊन बसावे. नववीतला आपलाच एखादा विद्यार्थी तिथे ढोलकीवर असेल. दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात वाजवायला सांगावे, आणि पेटीवर आपण साथ करावी.