वाळूचा ढीग आणि शिबिरातली ताई

तुमच्यापैकी किती जणांनी मे महिन्यात एखाद्या उन्हाळी शिबिरात 'ताई' किंवा 'दादा' म्हणून काम केलंय? बारावीनंतरची सुट्टी, सकाळी नऊ ते एक, आणि समोर तीस पोरं. एकाला शूला जायचंय, दुसरीची पाण्याची बाटली हरवलीये, तिसरा चौथ्याला चावलाय. शेवटच्या दिवशी हातात एक सर्टिफिकेट आणि पाकिटात मानधन. पगार नाही हं, मानधन!

आज आपण याच गोष्टीच्या मागे जाणार आहोत. सुट्टीत दुसऱ्यांची मुलं सांभाळणं हे 'काम' आहे, असं लोकांना कधी वाटायला लागलं? त्यासाठी जायचंय अमेरिकेत. कारण उन्हाळी कॅम्प आणि तिथला 'काउन्सेलर', म्हणजे आपला ताई-दादा, याचा मोठा इतिहास तिथला आहे. आणि गंमत म्हणजे या कामाची मुळं दोन आहेत, अगदी वेगवेगळ्या घरांतली.

पहिलं मूळ सुखवस्तू घरांतलं. 1861 साली कनेक्टिकटमध्ये फ्रेडरिक गन नावाच्या मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोने, ॲबिगेलने, आपल्या शाळेतली मुलं समुद्रकाठी नेली. तिकडे तंबू, होड्या, मासेमारी, सगळी धमाल. ते अमेरिकन यादवी युद्धाचं वर्ष होतं, त्यामुळे सैनिकांसारखं राहायची पोरांना भारी हौस. पुढे 1881 मध्ये अर्नेस्ट बाल्च या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने न्यू हॅम्पशायरमधल्या एका तळ्यातल्या बेटावर 'कॅम्प चोकोरुआ' सुरू केला. त्याचं म्हणणं काय होतं? श्रीमंतांची मुलं उन्हाळाभर हॉटेलांत लोळतात आणि बिघडतात. म्हणून त्याच्या कॅम्पवर नोकरचाकर नाहीत. स्वयंपाक, भांडी, साफसफाई सगळं मुलांनीच करायचं. आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोण? कॉलेजातलेच तरुण. कॅम्प काउन्सेलर म्हटलं की आजही जो चेहरा डोळ्यांसमोर येतो, तो इथला: उत्साही, विशीतला, मुलांहून थोडाच मोठा.

पण हे झालं रात्रीच्या मुक्कामाच्या कॅम्पचं. सकाळी मूल सोडा, नंतर घरी न्या, असं जे 'डे कॅम्प'चं काम आहे, त्याच्या जवळचं मूळ मला दुसरीकडे दिसतं. बॉस्टन शहरातल्या एका वाळूच्या ढिगात!

डॉ. मारी झाक्रझेव्स्का हे नाव ऐकलंय? जन्म बर्लिनचा, 1829 चा. अमेरिकेत येऊन डॉक्टर झाल्या आणि 1862 मध्ये त्यांनी बॉस्टनला स्त्रिया आणि मुलांसाठी हॉस्पिटल काढलं. 1885 च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या, तेव्हा तिथल्या बागांमध्ये त्यांना वाळूचे ढीग दिसले. गरीब-श्रीमंत सगळी मुलं त्यात खेळतायत आणि लक्ष ठेवायला पोलीस उभे! त्यांनी ही कल्पना बॉस्टनमधल्या स्वच्छता-आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेला कळवली. काळ लक्षात यावा म्हणून सांगते, तेव्हा आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टरकी शिकत होत्या. मार्च 1886 मध्ये त्यांना पदवी मिळाली.

तर 1885 च्या उन्हाळ्यात बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात, पार्मेंटर स्ट्रीटवरच्या एका चॅपेलच्या अंगणात वाळू टाकली गेली. हा स्थलांतरितांचा दाटीवाटीचा भाग. एकेका खोलीत अख्खं कुटुंब, उन्हाळ्यात शाळा बंद, खेळायला फक्त रस्ता. आठवड्यातले तीन दिवस साधारण पंधरा मुलं यायची. वाळू उकरायची, गाणी म्हणायची, रांगेने गोल फिरायची.

इथे बर्लिनपेक्षा एक फरक होता, आणि तोच महत्त्वाचा. मुलांवर लक्ष ठेवायला पोलीस नव्हता, शेजारपाजारची एक बाई होती. ती नुसती पहारा देत नव्हती. गाणं घेत होती, खेळ घेत होती. फुकट.

मग जागा वाढल्या. 1887 पर्यंत अशी दहाएक वाळू-अंगणं झाली आणि त्या वर्षी पहिल्यांदा देखरेखीच्या बायकांना पैसे दिले गेले. पुढे 1893 मध्ये सगळ्यांवर एक पर्यवेक्षक आला आणि बालवाडीचं शिक्षण घेतलेल्या बायका मदतीला आल्या. म्हणजे आठ वर्षांत 'शेजारची मावशी' ते 'प्रशिक्षित कर्मचारी' असा प्रवास झाला. 1906 मध्ये वॉशिंग्टनला प्लेग्राउंड असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन झाली. खेळ घेणाऱ्या माणसाला स्वतंत्र प्रशिक्षण हवं, हा विचार या संस्थेने लावून धरला.

इथपर्यंत ऐकून वाटेल, झालं की सगळं छान! पण थांबा. 1938 मध्ये अमेरिकेत किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा केंद्रीय कायदा आला. आज त्या कायद्यात एक सूट आहे. वर्षातून सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या कॅम्पच्या कर्मचाऱ्यांना हे केंद्रीय किमान वेतन द्यायलाच हवं, असं बंधन नाही. ओव्हरटाइमचंही तेच. काही राज्यांचे नियम वेगळे आहेत, पण केंद्राच्या कायद्यातली पळवाट उघडी आहे.

असं का झालं असेल? मला वाटतं, उत्तर त्या दोन मुळांत आहे. एका बाजूने हे काम म्हणजे कॉलेजच्या पोरांची उन्हाळ्यातली मजा. दुसऱ्या बाजूने ती बायकांची माया. आता मजेचे कोणी पैसे मागतं का? आणि मायेचे मागितले तर लोक काय म्हणतील? दोन्ही बाजूंनी 'काम' हा शब्द गळून पडतो.

आपल्याकडे काही वेगळं नाही. 'ताई' हाक किती गोड आहे! पण त्या हाकेतच सगळं माफ होऊन जातं. पहिल्या वर्षी मी शिबिरात होते तेव्हा एक मुलगी पायऱ्यांवरून पडली. हनुवटीतून रक्त. मी एकोणीस वर्षांची. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. रुमाल दाबून धरला आणि तिच्या आईला फोन लावला, तेव्हा माझेच हात थरथरत होते. मुलगी ठीक झाली. पण त्या दिवशी कळलं की मी तिथे मजा करायला आले नव्हते. एका आईने विश्वासाने सोडलेलं मूल माझ्या हातात होतं.

बॉस्टनच्या त्या संस्थेला हे दोन उन्हाळ्यांत उमगलं: नुसती वाळू पुरत नाही, माणूस लागतो. आणि माणूस हवा तर त्याला शिकवावं लागतं, मोल द्यावं लागतं. म्हणून येत्या मे महिन्यात शिबिरात जाणार असाल तर आधी दोन प्रश्न नक्की विचारा. एक, पैसे किती आणि कधी? दोन, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? आणि तुमचं भावंडं शिबिराला जाणार असेल, तर तिथल्या ताईला नावाने ओळखा.

तुमचा शिबिराचा किस्सा आम्हाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!