शेणाचा उजेड आणि राबणारे हात



इतिहासाच्या व्याख्यानात शेणाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण चुलीवर अन्न शिजते ते कशावर, यालाही इतिहास आहेच. मी कामगारांत वावरणारा माणूस. कोणत्याही शोधाविषयी मी दोन प्रश्न विचारतो : काम कुणी केले आणि लाभ कुणाला झाला?

मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले. त्यामागे पालिका आयुक्त ॲक्वर्थ यांची खटपट होती. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करणारे ॲक्वर्थ ते हेच. या ठिकाणी १८९७ मध्ये मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लागले. समाजाने ज्यांना वेशीबाहेर काढले, त्यांच्या वस्तीत या देशातला हा पहिल्यापैकी एक उजेड पडला.

पुढे १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरत्या टोपाचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र बनवले आणि साठीच्या दशकात खादी आयोगाने त्याचा प्रसार केला. युक्ती साधी आहे. शेण व पाणी सारखे घेऊन कालवायचे आणि हवा न लागू देता टाकीत कुजवायचे. रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चारपाच जनावरे असली, की दोन घनमीटर वायू मिळतो. गोवरी जाळली तर शेतचे खत राख होते. इथे इंधनही मिळते आणि खतही शिल्लक राहते.

इतके सोयीचे, मग घरोघर का गेले नाही? रोजचे शेण कालवण्याचे काम बहुधा घरच्या बाईवर पडले. जनावरे विकली गेली की टाकी कोरडी. लोखंडी टोप गंजला तर दुरुस्तीला गवंडी-लोहार मिळत नसे. १९८१-८२ पासून केंद्र सरकारने मोठा कार्यक्रम आखला, अनुदान दिले. पण किती संयंत्रे बांधली हे मोजणे सोपे, किती चालू राहिली हे पाहणे कष्टाचे. आणि संडास टाकीला जोडायचा म्हटले की जात आडवी येई.

ही अडचण अनुदानाने सुटणारी नव्हती. तिथे स्वयंसेवक लागला. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मिळावा म्हणून अन्नत्याग केला; त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत आप्पांनी सफाई, चर्मकाम, सोपा संडास आणि गोबर गॅस ही कामे एकाच पंगतीला बसवली. देहूच्या सरकारी दवाखान्यातले डॉ. सुहास मापुसकर यांनी तोच वारसा पत्करला. संडासाला जोडलेली वायुसंयंत्रे त्यांनी गावकऱ्यांच्या गळी उतरवली आणि आपल्या संस्थेला आप्पांचेच नाव दिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या दोघांनी आधी स्वतः हात घातला आणि मग लोकांना सांगितले. म्हणून लोकांनी ऐकले.

२०१८ पासून ‘गोबरधन’ आणि ‘सतत’ या योजनांतून शेण, साखर कारखान्यातली प्रेसमड व पिकांचे अवशेष यांपासून दाबलेला वायू काढण्याचे मोठे कारखाने उभारण्याचे धोरण आले. चांगली गोष्ट आहे. पण टाकी मोठी झाली म्हणजे धोकाही मोठा होतो. मिथेनबरोबर त्यात हायड्रोजन सल्फाइडही असतो. चार श्वासांत माणूस कोसळतो. मैला हाताने उपसण्यावर १९९३ मध्ये व पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले, तरी गटारांत आणि टाक्यांत कामगार गुदमरून मेले.

तेव्हा आपल्या तालुक्यात असा कारखाना आला, तर नगरवासीयांनी उद्घाटनाचा फलक वाचून परतू नये. टाकीत उतरण्याआधी हवा तपासली जाते का, उतरणारा माणूस कंत्राटी आहे की कायम, शेतकऱ्याच्या पाचटाला भाव मिळतो का, हे विचारावे. माटुंग्याच्या दिव्याचा इतिहास आपल्याला एवढे विचारण्याचा अधिकार नक्कीच देतो.